माळ्यावरची ओल येते कुठून?

ज्या प्रदेशांत हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याखाली राहते, तेथील घरांच्या उतरत्या छपराखालच्या माळ्याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘थंड माळा’ हा शब्द एका ठरावीक अर्थाने येईल. उष्णता अडवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, ज्या घरात वरच्या मजल्याच्या छतावर अंथरलेले असते आणि त्याच्या वरची छपरापर्यंतची जागा बाहेरच्या हवेइतकी थंड राहू दिलेली असते, त्या घरातील ही जागा म्हणजे थंड माळा. छपराच्या उतारालाच इन्सुलेशन बसवून उबदार केलेल्या माळ्याचे नियम वेगळे आहेत. ही उत्तरे त्याला लागू करू नयेत.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत माळ्यावर गेलो, तेव्हा छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरे हिम साचलेले दिसले. काही दिवसांनी स्वच्छ ऊन पडले आणि खालच्या खोल्यांच्या छतावर ठिकठिकाणी ओले डाग उमटले. छपराचे काम करणाऱ्या कारागिराने सगळे छप्पर तपासले. त्याला कुठेही फट सापडली नाही. पाऊसही पडलेला नव्हता. मग हे पाणी आले कुठून?

उत्तर: आपल्या घरातूनच. चार माणसांच्या घरात श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, अंघोळी आणि कपडे वाळवणे यांतून दिवसाला साधारण १० लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. घरातील हवा २१ अंश सेल्सिअस असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे ७ अंश असतो, म्हणजे ७ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागाला ही हवा लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. बाहेर उणे १० अंश तापमान असताना छपराच्या फळ्या ७ अंशांच्या कितीतरी खाली असतात, आणि खिळे तर त्याहून थंड असतात, कारण पोलाद उष्णता चटकन वाहून नेते आणि खिळ्याचे डोके थेट बाहेरच्या थंडीला भिडलेले असते. म्हणून हिम सर्वांत आधी खिळ्यांवर दिसते. त्यानंतर ते फळ्यांवर, विशेषतः उत्तर गोलार्धात ऊन न लागणाऱ्या उत्तरेकडच्या पाख्यावर, पसरत जाते. कित्येक आठवडे थोडे थोडे साचलेले हे हिम पहिल्या उबदार दिवशी काही तासांत वितळते, आणि एवढे पाणी एकदम खाली आल्यामुळे छप्पर गळत असल्याचा समज होतो.

गळती आणि हे पाणी यांत फरक करणे अवघड नाही. गळतीचे पाणी पावसाबरोबर किंवा छपरावरचा बर्फ वितळण्याबरोबर येते, आणि बहुतेक वेळा धुराड्याच्या किंवा नळाच्या कडेला, एका ठरावीक जागी दिसते. साचलेल्या हिमाचे पाणी कोरड्या, उन्हाच्या दिवशी येते, एकाच वेळी अनेक ठिकाणी टपकते आणि इन्सुलेशनवर खिळ्यांच्या रांगेखाली रांगेनेच खळगे पडलेले दिसतात.

आता हे बाष्प वर पोहोचते कसे, हा खरा प्रश्न आहे, कारण उपाय त्यावरच ठरतो. जिप्सम बोर्डाच्या छतातून बाष्प झिरपत वर जाते हे खरे असले, तरी त्याचे प्रमाण अगदी थोडे असते. इमारतशास्त्रात नेहमी दिला जाणारा हिशेब असा, की थंड प्रदेशातील एका हिवाळ्यात जिप्सम बोर्डाच्या अखंड तक्त्यातून, म्हणजे सुमारे ३ चौरस मीटरमधून, जेमतेम पाव ते अर्धा लिटर पाणी झिरपते; त्याच तक्त्याला इंचभर लांब-रुंद भोक असेल, तर त्यातून वाहणाऱ्या हवेबरोबर जवळजवळ ३० लिटर पाणी वर जाते. हवा वर का वाहते, तर हिवाळ्यात घरातील उबदार हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या मजल्याच्या छतावर आतून दाब देते आणि सापडेल त्या फटीतून माळ्यात घुसते. तिची जागा घ्यायला तळमजल्याच्या फटींतून थंड हवा आत येते. त्यामुळे आपल्या माळ्यावरच्या हिमाचे कारण छपरात शोधू नये, छतातील भोकांत शोधावे.

प्रश्न: माळ्याला अधिक झरोके ठेवले की ओल आपोआप निघून जाईल, असे सर्वजण सांगतात. किती झरोके ठेवावेत?

उत्तर: हा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने बरेच नुकसान केले आहे. झरोक्यांतून बाहेरची कोरडी, थंड हवा माळ्यातून फिरते आणि वर आलेले थोडेसे बाष्प बाहेर घेऊन जाते, हे खरे आहे. पण उणे १० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर दोन-सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते, तर २१ अंशांना तेवढ्याच हवेत सुमारे १८ ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा कितीही कोरडी असली, तरी ती थंड असेपर्यंत तिची ओल उचलून नेण्याची ताकद फार तोकडी असते. कडक थंडीत, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच, वायुवीजन सर्वांत कमी काम करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छताला भोके तशीच ठेवून आढ्याजवळ मोठे झरोके उघडले, तर वर निघून जाणारी हवा माळ्यात कमी दाब निर्माण करते आणि घरातील दमट हवा अधिक जोराने वर ओढली जाते. म्हणून आधी फटी बुजवाव्यात आणि मग झरोक्यांकडे पाहावे. हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता आकड्यांविषयी. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/३०० इतके मोकळे झरोके हवेत, हा नियम आज जवळजवळ सर्वत्र ऐकू येतो. त्याचा उगम अमेरिकेत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रौली यांनी घरांच्या भिंती आणि छपरे यांत पाणी कसे साचते यावर प्रयोग केले, आणि १९४२ साली तेथील सरकारी गृहनिर्माण संस्था असलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने घरांच्या किमान अटींत हे प्रमाण घातले. पुढे विल्यम रोझ आणि अँटन टेनवोल्ड या संशोधकांनी त्याचा माग काढला, तेव्हा त्यामागचा प्रायोगिक आधार किती तुटपुंजा होता हे त्यांनी दाखवून दिले. आकडा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पण ज्या आकड्यावर लोक इतका विश्वास टाकतात, तो निसर्गनियम नसून एक कामचलाऊ अंदाज आहे, हे लक्षात असलेले बरे.

सध्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेतील इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड (घरबांधणीची नमुना संहिता) मुळात १/१५० मागतो आणि काही अटी पाळल्यास १/३०० ची सवलत देतो. एकूण झरोक्यांपैकी ४० ते ५० टक्के वरच्या भागात, आढ्याजवळ, असावेत ही त्यांतील एक अट आहे, आणि अतिथंड विभागांत छताच्या उबदार बाजूस बाष्प अडवणारा थर असावा ही दुसरी. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत सर्वसाधारण उताराच्या छपरांना १/३०० चालते, मात्र किमान २५ टक्के झरोके वर आणि किमान २५ टक्के खाली हवेत. ब्रिटनमधील बीएस ५२५० हे मानक क्षेत्रफळाऐवजी फटीची रुंदी सांगते: १५ अंशांपेक्षा अधिक उताराच्या छपराला वळचणीलगत १० मिलिमीटरची सलग फट, आणि त्याहून कमी उताराला २५ मिलिमीटरची.

या पद्धती वाटतात तितक्या दूर नाहीत. माळा १०० चौरस मीटर असेल, तर १/३०० म्हणजे एक तृतीयांश चौरस मीटर. त्यातला निम्मा वाटा वळचणींना दिला आणि दोन्ही बाजूंच्या वळचणींची मिळून लांबी २० मीटर धरली, तर सुमारे ८ मिलिमीटर रुंदीची सलग फट होते. हिशेब करताना एक चूक हमखास होते, ती टाळावी: झरोक्याचा बाहेरून मोजलेला आकार धरू नये. जाळी आणि पट्ट्या वजा करून उरणारी निव्वळ मोकळी जागाच धरावी. उत्पादक ती बहुधा वेष्टनावर छापतात.

झरोके पुरेसे असूनही माळा दमट राहत असेल, तर वळचणीकडे जाऊन पाहावे. अनेक घरांत बाहेरून झरोक्यांची रांग दिसते, पण आतून इन्सुलेशन थेट छपराच्या फळ्यांपर्यंत कोंबलेले असल्यामुळे हवेला वाटच नसते. प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये पुठ्ठ्याची किंवा पॉलिस्टायरिनची पन्हळ बसवून फळ्या आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये मोकळी वाट ठेवावी लागते. अमेरिकेतील संहिता त्यासाठी किमान २५ मिलिमीटर सांगते, ब्रिटनमधील प्रघात ५० मिलिमीटरचा आहे, आणि जागा असल्यास दुसरा आकडा धरावा.

प्रश्न: हिवाळ्यात उष्णता वाचावी म्हणून माळ्याचे झरोके बंद करून उन्हाळ्यात उघडले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. थंड माळ्यात उष्णता राखण्याचे काम खालच्या इन्सुलेशनचे असते, त्यामुळे झरोके बंद करून काही वाचत नाही, आणि ज्या ऋतूत बाष्प वर येते नेमक्या त्याच ऋतूत त्याची वाट बंद होते.

प्रश्न: छतातील फटी बुजवा असे आपण लिहिता; पण छत तर अखंड दिसते. फटी शोधायच्या कुठे?

उत्तर: खोलीतून पाहिल्यास छत अखंडच दिसते, कारण फटी इन्सुलेशनखाली दडलेल्या असतात. माळ्यावर जाऊन इन्सुलेशन बाजूला सारावे लागते, आणि काचतंतूच्या इन्सुलेशनवर जिथे काळपट पट्टे दिसतात, तिथून सुरुवात करावी. तो बुरशीचा रंग असेलच असे नाही. बरेचदा ती वर्षानुवर्षे फटीतून वर वाहणाऱ्या हवेतील धूळ असते, जी तंतूंत गाळली गेली आहे. या खुणेइतका स्वस्त आणि खात्रीचा वाटाड्या दुसरा नाही.

सर्वांत मोठे भोक बहुधा माळ्यावर चढण्याचे झाकणच असते. ते नुसते चौकटीवर टेकवलेले असते, कडेला रबरी पट्टी नसते, वरून इन्सुलेशन नसते. कडेभर पट्टी चिकटवून, वर जाड इन्सुलेशन लावून आणि झाकण घट्ट दाबून धरणाऱ्या कड्या बसवून हे काम एका दुपारी होते. त्यानंतर सांडपाण्याचा वायुनळ तळघरापासून छपरापर्यंत ज्या पोकळीतून जातो ती पाहावी. या पोकळीतून संपूर्ण घराची हवा वर येऊ शकते आणि ती शोधायला कोणी जात नाही. आतल्या भिंतींच्या माथ्यावरची लाकडी पट्टी आणि जिप्सम बोर्ड यांच्यामधली फट केसाएवढी असते, पण घरभर मिळून तिची लांबी पुष्कळ होते. विजेच्या तारांची भोके, छतात बसवलेल्या दिव्यांची जुनी खोकी आणि पंख्यांच्या पेट्यांच्या कडा हेही तपासावे. दिव्यांबाबत एवढेच पाहावे की ते हवाबंद असावेत आणि इन्सुलेशन त्यांना टेकले तरी चालेल अशी त्यांच्यावर नोंद असावी. तशी नोंद नसलेल्या दिव्यावर इन्सुलेशन टाकल्यास आगीचा धोका असतो.

लहान फटींना सीलंट आणि मध्यम भोकांना फोम चालतो; मोठ्या पोकळीवर कडक तक्ता बसवून त्याच्या कडा बुजवाव्यात. धुराड्याभोवतीची फट मात्र फोमने कधीही भरू नये. तिथे धातूचा पत्रा आणि उष्णता सोसणारा सीलंटच वापरावा, आणि इन्सुलेशन किंवा लाकूड धुराड्यापासून स्थानिक नियमात सांगितलेल्या अंतरावर ठेवावे. हे सगळे काम नवे इन्सुलेशन टाकण्याआधी करावे; वर अर्धा मीटर थर पडल्यावर ते करायला कोणी पुन्हा जात नाही.

प्रश्न: बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याची नळी माळ्यातच उघडी सोडली आहे. माळ्याला झरोके आहेत, तेव्हा वाफ तिथून निघून जाईल ना?

उत्तर: जाणार नाही, आणि हे आजच दुरुस्त करण्यासारखे काम आहे. घरातील सर्वांत दमट हवा विजेच्या जोरावर सर्वांत थंड जागेत सोडण्याची ही व्यवस्था आहे. नळी छपरातून किंवा माळ्याच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीतून थेट बाहेर काढावी. ती शक्य तितकी आखूड, आतून गुळगुळीत आणि इन्सुलेशन गुंडाळलेली असावी, म्हणजे नळीतच पाणी होऊन ते पंख्यातून टपकणार नाही. आडव्या नळीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. तिचे तोंड वळचणीच्या खाली काढू नये, कारण वळचणीचे झरोके हवा आत घेणारे असतात आणि सोडलेली वाफ त्यांतूनच परत माळ्यात येते. स्वयंपाकघराच्या चिमणीला आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राला हेच लागू आहे.

प्रश्न: माळ्यावरचे इन्सुलेशन दुप्पट केले, उष्णतेचा खर्चही उतरला, पण आधी कधी नव्हती ती बुरशी आता फळ्यांवर दिसू लागली आहे. इन्सुलेशन वाढवणे चुकले का?

उत्तर: चुकले नाही, पण त्याची एक बाजू आधी सांगायला हवी होती. पूर्वी छतातून गळणारी उष्णता माळा थोडासा ऊबदार ठेवत असे आणि फळ्या त्यामुळे कोरड्या राहत. इन्सुलेशन वाढल्यावर माळा खऱ्या अर्थाने थंड झाला. तितक्याच फटींतून तितकेच बाष्प वर येत राहिले, तर थंड फळ्यांवर ते आता अधिक सहज पाणी होऊन बसते. आपल्या बाबतीत इन्सुलेशन टाकण्याआधी फटी बुजवल्या नसाव्यात, अशी दाट शक्यता आहे. वरचा थर बाजूला सारून ते काम करणे कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आपण समुद्राजवळच्या, सौम्य पण दमट हिवाळ्याच्या प्रदेशात राहत असाल, तर आणखी एक कारण संभवते, आणि ते बहुतेकांना पटायला वेळ लागतो. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. गवतावर दव पडते ते याच कारणाने. अशा वेळी झरोक्यांतून आत येणारी बाहेरची दमट हवाच फळ्यांवर पाणी ठेवून जाते. म्हणजे तिथे घरातून एक थेंबही वर आला नाही, तरी माळा ओलावू शकतो, आणि झरोके वाढवल्याने ओल वाढते. स्वीडनमध्ये, जिथे थंड माळ्यांतील बुरशी ही मोठी डोकेदुखी ठरली आहे, चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठातील कार्ल-एरिक हागेनटोफ्ट आणि अँजेला सासिक कलागासिदिस यांनी यावर नियंत्रित वायुवीजनाचा मार्ग अभ्यासला. माळा शक्य तितका हवाबंद करायचा, आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्प संवेदकाने मोजत राहायचे, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेवढ्याच वेळी छोटा पंखा चालवायचा. दुसरा मार्ग छप्पर नव्याने बसवायची वेळ येईल तेव्हाचा आहे: फळ्यांच्या वरच्या बाजूस इन्सुलेशनचा पातळ थर घातला की फळ्या रात्री तितक्या थंड होत नाहीत.

प्रश्न: माळ्यातील दमट हवा खेचून काढण्यासाठी छपरावर मोठा विजेचा पंखा बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. बसवावा का?

उत्तर: साध्या, नियंत्रण नसलेल्या पंख्याला माझा विरोध आहे. असा पंखा हवा वळचणीतूनच घेईल याची खात्री नसते. छताच्या फटींतून घरातील उबदार, दमट हवा ओढणे त्याला तितकेच सोपे असते. मग जी ओल काढायची तीच तो वर आणतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की घरात गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब किंवा भट्टी असेल आणि तिचा धूर नैसर्गिक ओढीने बाहेर जात असेल, तर घरातील दाब कमी होऊन हा धूर, कार्बन मोनॉक्साइडसह, परत खोल्यांत येऊ शकतो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे.

प्रश्न: फळ्यांवर काळे डाग आहेत. ब्लीच फवारून रंग दिला तर पुरे होईल का?

उत्तर: ओलीचे कारण दूर होईपर्यंत कशानेही पुरे होणार नाही. पृष्ठभागावरची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांवर राहिली आणि तापमान शून्याच्या बरेच वर गेले, की बुरशी वाढते. म्हणूनच कडक हिवाळ्यात माळा स्वच्छ दिसतो आणि हिम वितळल्यावर, वसंतात, डाग वाढतात. ब्लीचने डाग फिके होतात, पण त्यातील पाणी लाकडात मुरते, आणि मेलेल्या बुरशीचे कणही श्वासातून गेल्यास त्रास देतातच. लाकूड कोरडे झाल्यावर ते एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा घालून घासून, व्हॅक्यूम क्लीनरने कण उचलून स्वच्छ करावे. राहिलेला रंग फार मनावर घेऊ नये. पेचकसाचे टोक लाकडात सहज रुतत असेल, तर मात्र ती बुरशी नुसती वरची नसून लाकूड कुजले आहे, आणि ती फळी बदलावी लागेल. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था साधारण १० चौरस फुटांपर्यंतचेच काम घरच्यांनी करावे असे सांगते. त्याहून मोठे क्षेत्र जाणकारांकडे सोपवावे.

एक इशारा इथेच देणे भाग आहे. जुन्या घराच्या माळ्यावर राखाडी किंवा सोनेरी छटेची, चमकदार, खडीसारखी कणी पसरलेली असेल, तर ती व्हर्मिक्युलाइट, म्हणजे इन्सुलेशन म्हणून अंथरले जाणारे एक खनिज, असू शकते. अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या लिबी येथील खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये फुफ्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले होते, आणि तो माल फार मोठ्या प्रमाणावर घरांत वापरला गेला. अशी कणी दिसल्यास ती हलवू नये, झाडू नये, आणि तपासणी होईपर्यंत माळ्यावरचे कोणतेही काम सुरू करू नये.

प्रश्न: फटी बुजवल्या, नळी बाहेर काढली, वळचणी मोकळ्या केल्या. काम झाले हे ओळखायचे कसे?

उत्तर: लाकडातील ओल मोजणारे दोन सुयांचे साधे मापक घ्यावे आणि उत्तरेकडच्या पाख्यावर, आढ्याजवळ आणि वळचणीजवळ ठरलेल्या जागी खूण करून हिवाळ्याच्या मध्यात आणि अखेरीस वाचन घ्यावे. ओलीचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहत असेल, तर काळजीचे कारण नाही. ते २८-३० टक्क्यांपर्यंत जाऊन तिथेच टिकत असेल, तर लाकूड कुजण्याची परिस्थिती तयार झाली आहे. शक्य असल्यास पंख्याने घराचा दाब बदलून गळती मोजणारी ब्लोअर डोअर चाचणी फटी बुजवण्याआधी आणि नंतर करून घ्यावी, म्हणजे किती फरक पडला ते आकड्यांत कळेल.

घर घट्ट झाल्यावर आतली आर्द्रता वाढण्याची शक्यता असते, म्हणून खोल्यांतही आर्द्रतामापक ठेवावा. हिवाळ्यात आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान राहिलेली चांगली. बाहेर फार थंडी असेल तेव्हा ३० च्या जवळ. खिडक्यांच्या काचा सकाळी आतून वाहत असतील, तर आर्द्रता जास्त आहे असे समजावे, दमटपणा वाढवणारे यंत्र चालू असल्यास ते बंद करावे आणि बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर आणखी अर्धा तास चालू ठेवावा.